खाद्यातले अँटिबायोटिक काढायचे आहे: ॲसिड कुठे चालते, किती चालते

गडहिंग्लज भागातल्या एका तरुण पोल्ट्रीवाल्याने विचारले आहे: "पाच हजार ब्रॉयलरचे शेड आहे. मका आणि सोयाची डीओसी (तेल काढलेली पेंड) आणून खाद्य स्वतःच मिक्सरवर बनवतो. आजवर टनाला ठरलेल्या मापाने बॅसिट्रॅसिनची पावडर घालत होतो. आता पक्षी उचलणारा व्यापारी म्हणतो की पुढच्या गिऱ्हाइकाला अँटिबायोटिक न घातलेला माल हवा. औषध दुकानदाराने सांगितले, पावडर बंद करा आणि त्याच पैशात आमचे ॲसिडिफायर (आम्लांची पावडर) टनाला एक किलो टाका, पक्ष्याला कळणारसुद्धा नाही. तसे केले. तिसऱ्या आठवड्यात बीट (विष्ठा) पातळ पडायला लागली, लिटर (जमिनीवरचा तुसाचा थर) ओले झाले आणि एफसीआर (एक किलो वजनामागे लागणारे खाद्य) 1.62 वरून 1.74 वर गेला. ॲसिड खरेच चालते का? खाद्यातून द्यायचे की पाण्यातून? आणि घरचे व्हिनेगर किंवा लिंबूसत चालेल का?"

ॲसिड चालते. पण पावडरच्या जागी तेवढ्याच मापाने दुसरी पावडर, असे ते चालत नाही. तुमच्या लॉटला जे झाले ते ॲसिड बनावट होते म्हणून झाले असे मला वाटत नाही. तुम्ही जो पहारेकरी काढला तो एका दारावर उभा होता आणि नवा आणला तो दुसऱ्याच दारावर उभा केला.

बॅसिट्रॅसिन मारते ते मुख्यतः ग्रॅम-पॉझिटिव्ह गटातल्या जंतूंना, त्यातही क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्सला. हा जंतू निरोगी पक्ष्याच्या आतड्यातही थोडाफार असतोच. त्याला आयते प्रथिन मिळाले आणि आतड्याला जखम झाली की तो भराभर वाढतो, विष सोडतो आणि नेक्रोटिक एंटरायटिस (आतड्याचे अस्तर सडवणारा आजार) होतो. याउलट फॉर्मिक, प्रोपियॉनिकसारखी साधी सेंद्रिय आम्ले मारतात ती मुख्यतः ई. कोलाय, साल्मोनेला अशा दुसऱ्या, ग्रॅम-निगेटिव्ह गटातल्या जंतूंना, आणि तीही आतड्याच्या वरच्या टप्प्यात. म्हणजे क्लॉस्ट्रिडियमवरचा धाक गेला आणि त्याची जागा कुणीच घेतली नाही. आता तिसरा आठवडा बघा. लिटरमधून कॉक्सीच्या (कॉक्सिडिया या आतड्यातल्या परजीवीच्या) फेऱ्या वाढत वाढत साधारण अठराव्या ते पंचविसाव्या दिवसात जोर धरतात. त्या आतड्याला बारीक जखमा करतात आणि त्या जखमांवर क्लॉस्ट्रिडियम बसतो. तुमची बीट नेमकी त्याच दिवसांत पातळ पडली.

त्या लॉटमधला मेलेला एखादा पक्षी उघडून पाहिला होता का? पुढच्या वेळी नक्की पाहा, मेल्यावर तास-दोन तासांच्या आत. लहान आतड्याचा मधला भाग फुगून हवेने भरलेला, भिंत पातळ, कापल्यावर आतून तपकिरी-पिवळसर थर, खरखरीत टॉवेलवर हात फिरवल्यासारखा, आणि उग्र घाण वास: असे असेल तर क्लॉस्ट्रिडियम. भिंतीवर बाहेरूनच लालपांढरे ठिपके दिसतात, आत नारिंगी चिकट पाणी आहे, किंवा शेवटच्या दोन आंधळ्या आतड्या रक्ताने भरल्या आहेत, तर आधी कॉक्सी. यातले काहीच नाही, आतडे चांगल्या रंगाचे आहे आणि तरी बीट पाण्यासारखी, तर मीठ, पाणी आणि खाद्याच्या प्रतीकडे वळायचे. या तिन्हींवर उपाय वेगळा आहे. आतडे न बघता बाटली बदलणे हा आपल्या भागातला सर्वात महागडा खर्च आहे.

आता ॲसिड नेमके करते काय. आम्लाचा रेणू दोन रूपांत असतो: अखंड, नाहीतर फुटलेला. अखंड रेणूवर विद्युतभार नसतो, त्यामुळे तो जंतूच्या आवरणातून सरळ आत शिरतो. जंतूच्या पेशीत वातावरण सातच्या आसपास पीएचचे असते, तिथे तो फुटतो आणि आम्लता सोडतो. ती बाहेर ढकलण्यात जंतूची शक्ती संपते, आत राहिलेला उरलेला भाग त्याची इतर कामे बिघडवतो. लॅक्टोबॅसिलससारखे उपयोगी जंतू आतला पीएच थोडा उतरला तरी तग धरतात, म्हणून ॲसिडने त्यांचे फारसे बिघडत नाही. सगळे गणित यावर आहे की त्या जागी आम्ल अखंड किती उरते, आणि ते त्या जागेच्या पीएचवर ठरते.

पक्ष्याच्या गळ्यातल्या अन्नपिशवीत पीएच साडेचार ते साडेपाच, गिझार्डमध्ये (अन्न दळणाऱ्या जठरात) अडीच ते साडेतीन, तिथून पुढे लहान आतड्यात लगेच सहाकडे आणि शेवटाला साडेसहा-सातपर्यंत जातो. फॉर्मिकचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे आम्ल अखंड असते तो आकडा) 3.75 आणि प्रोपियॉनिकचा 4.87. पीएच 4 असताना फॉर्मिकचा सुमारे 36 टक्के भाग अखंड असतो, प्रोपियॉनिकचा 88 टक्के. पीएच 5.5 झाला की फॉर्मिक जेमतेम दोन टक्क्यांवर येते, प्रोपियॉनिक 19 टक्क्यांवर. पीएच 6.5 ला प्रोपियॉनिकचेही दोन-अडीच टक्केच उरतात. शिवाय पक्ष्याचे शरीरही ही आम्ले वाटेतच शोषून घेते. म्हणून साधे ॲसिड अन्नपिशवी आणि गिझार्ड इथे काम करते आणि आतड्याच्या सुरुवातीला संपते. जिथे क्लॉस्ट्रिडियम बसतो त्या मधल्या-खालच्या आतड्यात त्याचे काही पोहोचत नाही. दुकानदाराने एवढे सांगितले असते तर तुमचा लॉट वाचला असता.

खालपर्यंत पोहोचवायचे तर आम्लाला आवरण लागते. चरबीचे आवरण असलेले सोडियम किंवा कॅल्शियम ब्यूटिरेट मिळते, तसेच ब्यूटिरिन नावाची ग्लिसराइडची रूपे मिळतात. चरबी पचवणारे रस आतड्यात मिसळल्यावर ती हळूहळू सुटतात. ब्यूटिरिक आम्ल हे आतड्याच्या अस्तराच्या पेशींचे स्वतःचे इंधन आहे. अस्तराचे बोटासारखे उंचवटे त्याने लांब होतात, पेशींमधल्या फटी आवळतात आणि जखम भरायला मदत होते. जंतू मारण्यापेक्षा आतडे दुरुस्त ठेवणे हे त्याचे मोठे काम. माझ्या मते अँटिबायोटिक काढताना ज्या एका गोष्टीवर पैसे घालावेत ती ही. मात्र आवरण असलेलेच घ्या. साधे ब्यूटिरेट पोत्याचे तोंड उघडताच शेडभर वासाने कळते, आणि ते अन्नपिशवीतच सुटून जाते. आवरणाच्या मालाची मात्रा बहुतेक वेळा टनाला 300 ग्रॅम ते एक किलो असते, पण सक्रिय घटक 30 टक्क्यांपासून 70 टक्क्यांपर्यंत काहीही असू शकतो. पिशवीवर टक्केवारी लिहिलेली नसेल तर तो माल घेऊ नका.

क्लॉस्ट्रिडियमवर थेट धाक हवा असेल तर मध्यम साखळीची आम्ले आहेत: कॅप्रिक, लॉरिक आणि लॉरिकचे मोनोग्लिसराइड. खोबरेल तेलात लॉरिक भरपूर असते हे आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक आहे. ग्रॅम-पॉझिटिव्ह जंतूंच्या आवरणावर ही आम्ले चांगली बसतात. ती महाग आहेत. लॉटभर द्यायची ऐपत नसेल तर दहाव्या ते अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंतच्या खाद्यात द्यावी, कारण धोक्याचे दिवस तेच.

पण यापैकी काहीही घालण्याआधी कॉक्सी. तुमच्या प्रीमिक्समध्ये (खाद्यात घालायच्या पूरकांच्या तयार मिश्रणात) कॉक्सीचे औषध कोणते आहे, किती आहे आणि ते किती लॉट बदललेले नाही, हे मला तुमच्या प्रश्नात दिसले नाही. सॅलिनोमायसिन असेल तर टनाला 60 ग्रॅम सक्रिय घटक पडला पाहिजे, म्हणजे 12 टक्क्यांचा माल असेल तर अर्धा किलो. मिक्सरवरचा माणूस वजनकाट्याऐवजी डब्याने माप घेत असेल तर हा अर्धा किलो कधी चारशे होतो, कधी सातशे. कमी पडले तर कॉक्सी वाढतात, जास्त झाले तर पक्षी खाणे कमी करतो. हे औषध चालू असताना टियाम्युलिन कोणत्याही कारणाने देऊ नका. दोन्ही एकत्र आली की पक्षी पायातून जातात आणि मरतात.

इथेच एक गोष्ट तुमच्या व्यापाऱ्याला लेखी विचारून घ्या. सॅलिनोमायसिन, मोनेन्सिन ही आयोनोफोर गटातली औषधे कॉक्सीबरोबर क्लॉस्ट्रिडियमलाही थोडा आळा घालतात. युरोपात ती कॉक्सीची खाद्यपूरके म्हणून चालतात, अमेरिकेत त्यांची गणना अँटिबायोटिकमध्ये होते. तुमच्या गिऱ्हाइकाला "अँटिबायोटिक नाही" म्हणजे वाढीसाठीचे नाही एवढेच हवे असेल तर आयोनोफोर ठेवता येईल. त्याला तेही नको असेल तर कॉक्सीची लस किंवा रासायनिक औषध हा मार्ग उरतो, आणि तो पहिल्याच लॉटला घ्यावा असे मी सांगणार नाही.

बाहेर हे झालेले आहे, आणि त्यातून शिकण्यासारखे आहे. स्वीडनने 1986 मध्ये वाढीसाठीची अँटिबायोटिक बंद केली. डेन्मार्कच्या ब्रॉयलर उत्पादकांनी 1998 च्या सुरुवातीला ती स्वतःहून थांबवली. युरोपीय संघात 1 जानेवारी 2006 पासून ती पूर्ण बंद आहेत. डेन्मार्कमध्ये एफसीआर जेमतेम 0.016 ने वाढला आणि मर वाढली नाही. पण तिथे आयोनोफोर चालू होते, शेडमधले वातावरण आणि लिटर नीट होते. तुमचा एफसीआर 0.12 ने वाढला. त्यातला थोडासा वाटाच पावडर काढल्याचा असणार. बाकीचा वाटा पावडर जे झाकून ठेवत होती त्याचा आहे. आपल्याकडे 2019 मध्ये कोलिस्टिनवर बंदी आली, कारण माणसाच्या दवाखान्यात शेवटचा उपाय म्हणून ते राखून ठेवायचे आहे. जुन्या साठ्यातली एखादी बाटली किंवा त्याचे मिश्रण असलेले प्रीमिक्स अजून कुणाकडे पडले असेल तर ते वापरू नका. कोंबडीच्या आतड्यात औषधाला न जुमानणारा जंतू तयार झाला की तो लिटरमधून उसाच्या शेतात जातो, हाताळणाऱ्या माणसाच्या घरी जातो. पावडर काढण्याचा तुमचा निर्णय बरोबर आहे, व्यापाऱ्याने सांगितले नसते तरी.

आता तुमच्या खाद्याकडे येतो. गडहिंग्लजला मका बहुतेक संकेश्वरकडून आणि खाली कर्नाटकातून येतो. खरिपाचा मका निघतो तेव्हा परतीचा पाऊस असतो. 14 टक्क्यांपेक्षा जास्त ओलीचा मका साठवला तर त्यावर बुरशी येणारच. इथे प्रोपियॉनिक आम्ल किंवा त्याचे कॅल्शियम, अमोनियम क्षार टनाला अर्धा ते दोन किलो, ओलीच्या प्रमाणात, फार चांगले काम करतात. साध्या ॲसिडचे सर्वात भरवशाचे काम कोणते, असे विचारले तर मी हेच सांगेन. पण ते बुरशीची पुढची वाढ थांबवते, आधीच तयार झालेले अफ्लाटॉक्सिन (बुरशीचे विष) नष्ट करत नाही. त्यासाठी टॉक्सिन बाइंडर (विष धरून ठेवणारी पावडर) वेगळा, आणि त्याहून आधी काळा, हलका, वास येणारा मका परत पाठवणे. एकच पिशवी बुरशी, टॉक्सिन, साल्मोनेला आणि वाढ असे सगळे बघते असे कुणी म्हणत असेल तर त्यात प्रत्येक घटक किती टक्के आहे ते विचारा.

दुसरे, मासळी. आंबोलीच्या घाटाने वर येणारी वाळली मासळी स्वस्त पडते म्हणून खूप जण दळून खाद्यात घालतात. तीत दोन धोके आहेत. एक, तिचे प्रथिन न पचता खाली उतरले की क्लॉस्ट्रिडियमचे आवडते खाद्य होते. दोन, तिच्यात मीठ किती आहे याचा भरवसा नसतो. खाद्यात मीठ वाढले की पक्षी पाणी जास्त पितो, बीट पातळ पडते, लिटर भिजते आणि ओल्या लिटरमध्ये कॉक्सी जोर धरतात. कुठला जंतू नसतानाही हे होते. तुमच्या खाद्यात मासळी असेल तर पुढच्या लॉटला ती काढूनच बघा, आणि नुसत्या मिठाचे वजन पुन्हा तपासा. इथेनॉल कारखान्यांतून येणारे डीडीजीएसही (धान्याचा उरलेला वाळवलेला चोथा) जपून वापरा. मक्यात टॉक्सिन असेल तर गाळणीनंतरच्या चोथ्यात ते तिपटीने दाट झालेले असते.

खाद्यात ॲसिड कमी उतरण्याचे अजून एक कारण कुणी सांगत नाही. एलएसपी (चुनखडीची पावडर) आणि डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) ही दोन्ही आम्ल शोषून घेतात, आणि एलएसपी त्यात सर्वात पुढे. ब्रॉयलरच्या खाद्यात त्यांचे प्रमाण एक-दीड टक्का असते म्हणून निभावते. लेयरच्या (अंड्यांच्या कोंबडीच्या) खाद्यात एलएसपी आणि शिंपला मिळून आठ-दहा टक्के असतो, तिथे खाद्यातल्या साध्या ॲसिडने गिझार्डचा पीएच उतरवण्याची अपेक्षा करू नये. तुमच्याकडे पिल्लाच्या पहिल्या दहा दिवसांच्या खाद्यात कॅल्शियम गरजेपुरतेच ठेवा. पिल्लाच्या जठरात आम्ल कमी तयार होते, त्यामुळे ॲसिडचा खरा फायदाही याच दिवसांत मिळतो. फॉर्मिक-प्रोपियॉनिकचे मिश्रण घालायचे तर मी ते प्री-स्टार्टरला (याच पहिल्या दिवसांच्या खाद्याला) टनाला दोन-तीन किलो आणि नंतर एक-दीड किलोवर आणायला सांगतो. दोन्ही आम्लांचे पीकेए वेगळे असल्याने एक गिझार्डमध्ये आणि दुसरे अन्नपिशवीत चांगले चालते, म्हणून मिश्रण.

पाण्याबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण आपल्या जिल्ह्यात पाण्याचा प्रश्न प्रत्येक तालुक्यात वेगळा आहे. शिरोळ-हातकणंगल्याकडच्या बोअरचे पाणी क्षारांनी भरलेले, जमीनही क्षारपड. आजरा-चंदगडकडचे पाणी हलके, पण पावसाळ्यात विहिरीत शेणखतासकट सगळे वाहून येते. 2019 आणि 2021 च्या पुरानंतर नदीकाठच्या अनेक विहिरींवर पाणी चढून गेले होते. अशा विहिरी पुन्हा उपसून, क्लोरिन करून घेतल्याशिवाय पिल्लांना लावू नयेत.

बाटलीवर "हजार लिटरला 500 मिली" असे छापलेले असते, ते कोणत्या पाण्याला? पाण्यातली क्षारता (आम्ल मारण्याची पाण्याची ताकद) आधी ॲसिड खाते. प्रयोगशाळेच्या अहवालात क्षारता लिटरला 300 मिलिग्रॅम असेल, तर 85 टक्के फॉर्मिकचे हजार लिटरला पाव लिटरहून थोडे जास्त एवढे माप नुसते ती क्षारता मारण्यात जाते. क्षारता 100 असेल तर त्याच्या एक तृतीयांश. म्हणून छापील मात्रेवर विसंबू नका, घरीच माप काढा. दहा लिटरची बादली, पीएचच्या पट्ट्या आणि सुईशिवायची सिरिंज घ्या. ॲसिड आधी दहापट पातळ करा: नऊ भाग पाण्यात एक भाग ॲसिड, नेहमी पाण्यात ॲसिड, ॲसिडवर पाणी कधीही ओतायचे नाही. मग पाच-पाच मिली घालत, ढवळत, पट्टी बघत जा. 300 क्षारतेच्या पाण्यात पहिल्या दोन-तीन वेळा पीएच पावणेआठवरून साडेसहा-सव्वासहावर येईल आणि तिथे रेंगाळेल. ॲसिड काम करत नाही असे वाटून बहुतेक लोक इथेच एकदम मोठे माप ओततात. तसे करू नका, आता एकेक मिलीने जा. वीस-पंचवीस मिलीच्या पुढे पट्टीचा रंग झटकन बदलतो आणि पाणी पाचच्या खाली घसरते. तुम्हाला रोजच्यासाठी साडेपाच ते सहा हवे, पहिल्या आठवड्यात पाचच्या आसपास चालेल. चारच्या खाली गेले की पक्षी पाणी कमी पितो, आणि पाणी कमी म्हणजे खाणे कमी. जे माप निघेल त्याला शंभराने गुणले की हजार लिटरच्या टाकीचे पातळ केलेले माप मिळाले. पावसाळ्यात आणि मार्च-एप्रिलमध्ये हे माप वेगळे निघते, तेव्हा पुन्हा करा.

क्लोरिन आणि ॲसिड दोन्ही वापरता येतात. पीएच सहा-सातच्या दरम्यान असताना क्लोरिन जास्त जंतू मारते, त्यामुळे क्षारयुक्त पाण्यात आधी पीएच उतरवलेला बरा. पण दोघांची घट्ट द्रावणे एका बादलीत किंवा एका डोसरमध्ये (पाण्यात औषध सोडणाऱ्या यंत्रात) कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरिन वायू सुटतो आणि बंद खोलीत तो माणसाचा जीव घेऊ शकतो. फॉर्मिक हाताळताना रबरी हातमोजे आणि चष्मा हवाच. शेडवर काम करणाऱ्या बायका-पोरांच्या हाती उघडे कॅन देऊ नका. ज्यांना हे सांभाळणे जमत नाही त्यांनी फॉर्मेट, प्रोपियॉनेटचे क्षार असलेला, कमी दाहक माल घ्यावा, थोडा महाग पडला तरी.

लासोटा (राणीखेतची) किंवा गंबोरोची लस पाण्यातून द्यायच्या एक दिवस आधीपासून दुसऱ्या दिवसापर्यंत ॲसिड आणि क्लोरिन दोन्ही बंद. त्यांनी लस कमजोर पडू शकते आणि मग महिन्याने गंबोरो आला की लस खराब होती असे म्हटले जाते. सल्फा औषध देतानाही ॲसिड थांबवा, नाहीतर ते पाण्यात तळाशी बसून निपल (पिण्याच्या तोट्या) तुंबवते. जुन्या पत्र्याच्या ड्रिंकरमध्ये ॲसिड घालू नका, जस्त सुटते.

लिंबूसताचे उत्तर आता देता येईल. सायट्रिक आम्ल पीएच उतरवते, पण जंतूच्या आत शिरण्यात ते कमकुवत आहे. शिवाय ते कमी मात्रेत सतत पाण्यात राहिले की पाइपमध्ये यीस्ट आणि बुरशीचा चिकट थर धरतो. त्याचा चांगला उपयोग लॉट गेल्यावर आहे: पाइपलाइनमध्ये घट्ट द्रावण भरून रात्रभर ठेवा, सकाळी दाबाने धुवा, क्षारांचा थर सुटतो. चिकट थरासाठी वेगळ्या वेळी हायड्रोजन पेरॉक्साइडने धुवा. व्हिनेगर म्हणजे साधारण चार-पाच टक्के ॲसिटिक आम्ल. परसातल्या पाच-पन्नास कोंबड्यांना ठीक, पाच हजार पक्ष्यांना ते परवडत नाही आणि पुरतही नाही.

लिटरवर पैसे वाचवू नका. आजरा-चंदगडच्या गिरण्यांतून भाताचे तूस मिळते, ते कोरडे आणून दोन-तीन इंच जाड पसरा, निपलखाली पापुद्रा धरला की त्याच दिवशी काढा. पावसात पडदे पूर्ण बंद ठेवण्याची सवय सोडा. वर एक हात मोकळे ठेवा, अमोनिया बाहेर जाऊ द्या.

खर्चाचे सोपे माप सांगतो. पाच हजार पक्षी दोन किलोला गेले तर दहा हजार किलो वजन. एफसीआर 0.01 ने हलला की शंभर किलो खाद्य. खाद्य किलोला 40 रुपये धरले तर चार हजार रुपये. लॉटला सोळा टनांच्या आसपास खाद्य लागते, म्हणजे टनामागे अडीचशे रुपये. कुठलीही पिशवी टनाला पाचशे रुपयांची पडत असेल तर तिने एफसीआर निदान 0.02 ने उतरवायला हवा, नाहीतर ती तुमच्या खिशातून गेली. तुमच्या मागच्या लॉटचा 0.12 चा फरक म्हणजे बाराशे किलो खाद्य, 48 हजार रुपये. एवढ्या पैशात पाण्याची तपासणी, कॉक्सीच्या औषधाचा नीट वजनकाटा, आवरणाचे ब्यूटिरेट आणि कोरडे तूस हे सगळे बसते.

पुढच्या लॉटला शेडच्या मधोमध जाळी लावून दोन भाग करा. दोन्हीकडे एकाच हॅचरीची, एकाच दिवसाची पिल्ले. आधी दोन्ही बाजूंना मासळी काढा, मीठ आणि कॉक्सीचे औषध काट्यावर तोला, पाण्याचा पीएच बादलीने ठरवा. एका बाजूच्या खाद्यात प्रोपियॉनिक-फॉर्मिक आणि आवरणाचे ब्यूटिरेट, दुसऱ्या बाजूला जुनी बॅसिट्रॅसिन, हा शेवटचा लॉट म्हणून. हा लॉट नेहमीच्या बाजारात द्या, "अँटिबायोटिक नाही" म्हणून देऊ नका. पोत्यांवर दोन रंगांच्या सुतळ्या बांधा, म्हणजे पोरगा चुकून इकडचे खाद्य तिकडे ओतणार नाही. सातव्या, एकविसाव्या आणि पस्तिसाव्या दिवशी दोन्हीकडचे प्रत्येकी शंभर पक्षी तोला, मर रोज लिहा, आणि अठराव्या दिवसापासून दोन्हीकडचे मेलेले पक्षी उघडा. तिसऱ्या आठवड्यात ॲसिडच्या बाजूला तो खरखरीत तपकिरी थर दिसला तर फोटो काढून जवळच्या पशुवैद्यकाला दाखवा, आणि तिथे उपचाराचे औषध लागले तर ते द्या. आजारी पक्ष्याला पशुवैद्यकाने सांगितलेल्या मात्रेत आणि विक्रीपूर्वीचे दिवस पाळून दिलेले औषध वेगळे, आणि निरोगी पक्ष्याला जन्मापासून चारलेले वेगळे. मात्र ती बाजू या गिऱ्हाइकाला "अँटिबायोटिक नाही" म्हणून देऊ नका, व्यापाऱ्याला आधी सांगा.